पावसाळा आला की सेटलरमध्ये क्रड: दर वर्षी परत येणाऱ्या दुखण्याचा माग

गेल्या आठवड्यात चंद्रपूरकडच्या एका मुलाचा फोन आला. झांबियात कॉपरबेल्टवर येऊन त्याला दीड वर्ष झालं, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनची, म्हणजे द्रावणातून तांबं वेगळं काढणाऱ्या विभागाची, शिफ्ट बघतो. "सर, परत क्रड. मागच्या महिन्यात क्ले ट्रीटमेंट केली, दहा दिवस झकास चाललं. काल रात्री ई-वनचा सगळा क्रड लोंढ्यासारखा स्ट्रिपमध्ये गेला. आज कॅथोडच्या वरच्या बाजूला चॉकलेटी डाग आलेत." (क्रड म्हणजे दोन द्रवांच्या मधे साचणारा मळकट थर, ई-वन म्हणजे तांबं उचलणारी पहिली पायरी, स्ट्रिप म्हणजे ते सोडणारी, आणि कॅथोड म्हणजे शेवटी मिळणारा तांब्याचा पत्रा.) मी विचारलं, क्ले ट्रीटमेंट, म्हणजे मळ काढायला ऑरगॅनिक द्रव क्लेमधून काढणं, करायची हे कशावरून ठरवलं? म्हणाला, "दरवेळी तीच करतात."

त्याला फोनवर अर्धा तास सांगितलं, पण अर्धंच सांगून झालं. म्हणून सगळं इथे लिहून काढतोय. मीही दोन पावसाळे हेच केलं आहे. क्रड उपसायचा, ऑरगॅनिक क्लेमधून काढायचं, चार दिवस सुखाने झोपायचं आणि पाचव्या रात्री परत फोन. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा तो कारभार होता.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. लीचिंगमधून, म्हणजे खनिजातलं तांबं आम्लात विरघळवून, येणाऱ्या द्रावणात, म्हणजे पीएलएसमध्ये, लिटरला काही ग्रॅम तांबं असतं आणि सोबत लोखंड, मँगनीज, सिलिका असं सगळं असतं. हाय-फ्लॅश केरोसीनमध्ये ऑक्झाइम जातीचं रसायन मिसळून केलेलं ऑरगॅनिक त्यातलं तांबं उचलतं आणि त्याच्या बदल्यात आम्ल सोडतं. १ ग्रॅम तांब्यामागे १.५४ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल परत येतं, हा आकडा पाठ असावा. मग टँकहाऊसच्या (विजेने तांब्याचे पत्रे बनवणाऱ्या विभागाच्या) तीव्र आम्लात, लिटरला साधारण १८० ग्रॅमच्या, ऑरगॅनिक ते तांबं सोडतं आणि मोकळं होऊन परत फिरतं. हे सगळं चालतं ते एका गोष्टीवर: मिक्सरमध्ये एकजीव झालेलं ऑरगॅनिक आणि पाणी सेटलरमध्ये पुन्हा वेगळं झालं पाहिजे. त्या दोघांच्या मधोमध जो न फुटणारा, खरवसासारखा थरथरणारा थर बसतो तो क्रड. त्यात बारीक गाळ, ऑरगॅनिक, पाणी आणि बऱ्याचदा हवा असते. हे दुखणं या धंद्याइतकंच जुनं आहे. अ‍ॅरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीवर १९६८ साली तांब्याचा पहिला व्यापारी प्लँट चालू झाला. १९७४ मध्ये इथे चिंगोलात तेव्हाचा जगातला सर्वांत मोठा उभा राहिला. क्रड तेव्हापासून सोबतीला आहे. थोडा क्रड प्रत्येक सेटलरमध्ये असतोच आणि तो एका जागी पडून राहत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. त्रास सुरू होतो तो जाडी रोज वाढायला लागली किंवा थर जागचा हलायला लागला की.

आधी रक्त थांबवा

क्रड स्ट्रिपकडे निघाला असेल तर कारण शोधत बसू नका. पीएलएसचा फ्लो पाव हिश्शाने उतरवा. सेटलरमधला वेग कमी झाला की थर बहुतेक वेळा बसतो. ई-वनमधून लोडेड (तांबं उचललेल्या) ऑरगॅनिकच्या टँकमध्ये काय जातंय ते तासातासाला काचेच्या सिलिंडरमध्ये घेऊन बघा. टँकच्या तळाला साचलेलं पाणी काढत राहा, कारण ते पाणी पुढे गेलं की लोखंड, मँगनीज आणि क्लोराइड टँकहाऊसमध्ये जातात. त्यातलं क्लोराइड ज्यावर तांबं बसतं त्या स्टीलच्या मदर प्लेटला भोकं पाडतं आणि मग पत्रा सुटत नाही.

दुसरं, मिक्सरमध्ये कोणती फेज कंटिन्यूअस आहे, म्हणजे कोणता द्रव सलग आहे आणि कोणता त्यात थेंबांनी विखुरलाय, ते तपासा. कंडक्टिव्हिटी प्रोब बंद असेल (इथे तो सहा महिन्यांतून चार महिने बंदच असतो), तर मिक्सरमधून सिलिंडरभर नमुना घ्या आणि डोळ्यांसमोर धरा. आधी वरून स्वच्छ तपकिरी ऑरगॅनिकचा पट्टा दिसायला लागला तर ऑरगॅनिक कंटिन्यूअस. आधी खालून स्वच्छ निळसर-हिरवं पाणी दिसलं तर अ‍ॅक्विअस कंटिन्यूअस. नेहमीची पद्धत अशी की ई-वन अ‍ॅक्विअस कंटिन्यूअस ठेवायचा, म्हणजे लोडेड ऑरगॅनिकबरोबर पाणी कमी जातं. ई-टू आणि स्ट्रिप ऑरगॅनिक कंटिन्यूअस ठेवायचे, म्हणजे रॅफिनेट (तांबं काढून उरलेलं पाणी) आणि इलेक्ट्रोलाइट (टँकहाऊसचं द्रावण) यांच्याबरोबर ऑरगॅनिक कमी वाया जातं. पण गढूळ पीएलएस येत असताना ई-वनही काही दिवस ऑरगॅनिक कंटिन्यूअसवर आणलेला बरा. क्रड घट्ट, आवळून बसतो, पसरत नाही. लोडेड ऑरगॅनिकमध्ये थोडं पाणी जास्त जाईल, ते तेवढ्यापुरतं सोसायचं आणि टँकच्या तळाकडे जास्त लक्ष ठेवायचं. बदलताना सेटलरचं ऑरगॅनिक रिसायकल वाढवा, पाण्याची बाजू थोडा वेळ दाबून धरा, फेज उलटली की हळूहळू परत आणा. घाईत दोन्ही व्हॉल्व्ह एकदम फिरवले की फेज अर्ध्यात लटकते आणि आणखी बिघडतं.

मग चार बीकर

मला सांगायची खरी गोष्ट ही. दोष ऑरगॅनिकमध्ये आहे की पीएलएसमध्ये की यंत्रात, हे कळल्याशिवाय एक पिशवीही क्ले फोडू नका. हे कळायला एक दुपार पुरते आणि लागतात चार बीकर.

एकाच मापाचा बीकर, एकच स्टरर, एकच वेग, दोन्ही द्रव समान, तीन मिनिटं ढवळायचं, मग स्टरर थांबवून थर पूर्ण वेगळे व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. स्टररचं पातं सुरुवातीला ऑरगॅनिकमध्ये बुडवून चालू करा आणि पाणी हळूहळू ओता, म्हणजे चारही वेळा ऑरगॅनिक कंटिन्यूअसच मिळेल. तापमान चारही वेळा सारखं हवं. जून-जुलैच्या इथल्या थंडीत सकाळी सातला घेतलेला नमुना आणि दुपारी दोनला घेतलेला नमुना यांची तुलना करून मी स्वतः एकदा चुकीचा निष्कर्ष काढला आहे. थंड केरोसीन दाट होतं आणि थर सावकाश सुटतात, त्यात ऑरगॅनिकचा काही दोष नसतो.

पहिला बीकर: प्लँटचं ऑरगॅनिक आणि प्लँटचं पीएलएस. हा फक्त दुखणं खरं आहे का ते सांगतो.

दुसरा: प्लँटचं ऑरगॅनिक आणि लॅबमध्ये केलेलं स्वच्छ द्रावण. डिस्टिल्ड पाण्यात कॉपर सल्फेट घालून तांबं पीएलएसइतकं करा, आम्ल घालून पीएचही तितकाच आणा. ऑरगॅनिक स्ट्रिपनंतरचं घ्या आणि गाळून घ्या.

तिसरा: नवीन ऑरगॅनिक, म्हणजे ड्रममधलं रसायन आणि न वापरलेलं केरोसीन प्लँटच्याच टक्केवारीने मिसळून, आणि त्याबरोबर प्लँटचं पीएलएस.

चौथा: नवीन ऑरगॅनिक आणि स्वच्छ द्रावण. हा तुमचा आरसा, बाकी सगळं याच्याशी ताडायचं. चांगलं ऑरगॅनिक मिनिटाभरात किंवा त्याच्या आसपास सुटतं.

दुसरा हळू आणि तिसरा चटकन सुटला तर ऑरगॅनिक बिघडलंय. तिसरा हळू आणि दुसरा ठीक असेल तर गुन्हेगार पीएलएस. दोन्ही हळू असतील तरी सुरुवात पीएलएसपासूनच करा, कारण ऑरगॅनिक बहुधा त्यानेच मळवलेलं असतं. आणि सगळे बीकर झटपट सुटले, पण सेटलरमध्ये मात्र थर वाढतोच आहे, तर लॅब सोडा आणि पंप-मिक्सरकडे चला.

तिसरा हळू निघाला तर आणखी एक करा. तेच पीएलएस ०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून गाळा आणि पुन्हा नवीन ऑरगॅनिकबरोबर ढवळा. आता चटकन सुटलं तर गाळाचा, मातीचा प्रश्न आहे. गाळूनही हळूच सुटत असेल तर जे गाळणीतून जातं असं काहीतरी आहे: कलिल (अतिसूक्ष्म कणांची) सिलिका, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचं पाणी, किंवा फ्लॉक्युलंट, म्हणजे गाळाचे कण एकत्र आणणारा पॉलिमर.

आमच्याकडे काय निघालं

इथे पाऊस नोव्हेंबरात लागतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. पाऊस आला की लीचिंगकडून येणारं पाणी लाल, गढूळ. त्याबरोबर आम्ल पातळ होतं, पीएच वर सरकतो. पीएच २ च्या वर गेला की लोखंड जारोसाइट (लोखंडाचा पिवळट क्षार) होऊन पाइपात आणि टाक्यांत बसायला लागतं आणि विरघळलेली सिलिकाही जास्त लवकर साखळ्या धरते. म्हणून पावसाळा म्हणजे क्रड, हे समीकरण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं. कारण माहीत आहे असं वाटत असल्यामुळे कोणी शोधतच नव्हतं.

त्या वर्षी चार बीकर लावले. दुसरा थोडासा हळू, तिसरा फारच हळू. मेंब्रेनने गाळलं, पीएलएस आरपार स्वच्छ झालं, आणि तरीही तिसरा जवळजवळ तितकाच हळू. म्हणजे माती नव्हे. मी क्लॅरिफायरकडे, म्हणजे पीएलएस निवळायच्या टाकीकडे, गेलो आणि तिथली शिफ्टची वही मागितली. पावसाने भिजलेली, कोपरे दुमडलेली वही, निळ्या बॉलपेनने लिहिलेली. नोव्हेंबरच्या पहिल्या पावसापासून पान उलटत गेलो. "गढूळपणा वाढला, फ्लॉक्युलंट डोस वाढवला" अशा अकरा नोंदी होत्या. "डोस कमी केला" अशी एकही नव्हती.

प्रत्येक जोराच्या पावसानंतर रात्रपाळीचा माणूस डोस वाढवायचा, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. समोर गढूळ पाणी दिसतंय, हातात एक व्हॉल्व्ह आहे, तो फिरवणारच. पण पाऊस उघडल्यावर व्हॉल्व्ह मागे घ्यायचा हे कुणाचंच काम नव्हतं. जानेवारीपर्यंत गाळाला न चिकटता उरलेला जादा पॉलिमर पीएलएसमधून थेट मिक्सरमध्ये येत होता, आणि तिथे तो पाण्याच्या बारीक थेंबांना एकमेकांत मिसळूच देत नव्हता. पाणी दिसायला मात्र इतकं स्वच्छ, की टर्बिडिटीचे (गढूळपणाचे) आकडे बघून आम्ही समाधानी होतो.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. डोस आता टर्बिडिटीच्या आकड्यावर ठरतो, शिफ्ट सुरू होताना जार टेस्ट (भांड्यात डोस घालून बघणं) होते आणि एक वरची मर्यादा आहे; तिच्यापलीकडे कुणी जायचं नाही. पाणी त्या मर्यादेत स्वच्छ होत नसेल तर ते पाँडमध्ये वळवायचं, प्लँटला थोडं कमी पीएलएस चालेल. आणि कोणताही नवा फ्लॉक्युलंट आला तर खरेदीआधी त्याचा एक थेंब तिसऱ्या बीकरमध्ये घालून बघायचा. आम्लात चालणारे बहुतेक नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेले) असतात, पण जातीवरून भरवसा धरू नये, आपल्या ऑरगॅनिकबरोबर बघूनच ठरवावं.

हे बंद केल्यावर मग क्ले ट्रीटमेंट केली, एकदाच. ती टिकली.

दुसरा बीकर हळू असेल तर

दोन-तीन वर्षांत एकदा तरी हेही होतं. ऑरगॅनिकमध्ये साबणासारखं वागणारे पदार्थ तयार झालेले असतात किंवा बाहेरून आलेले असतात. गिअरबॉक्सचं गळणारं तेल आधी बघा, ते दोन मिनिटांचं काम आहे. मग टँकहाऊसकडे जा आणि इलेक्ट्रोलाइटचा रंग बघा. निळ्या रंगात गुलाबी-जांभळी झाक आली असेल तर धोका मोठा आहे. पाण्याबरोबर आलेलं मँगनीज अ‍ॅनोडवर ऑक्सिडाइज होऊन परमँगनेटपर्यंत जातं, तेच द्रावण स्ट्रिपमध्ये ऑरगॅनिकला भेटतं आणि ऑक्झाइम व केरोसीन दोन्ही खातं. त्यातून जे तुकडे उरतात ते थरांना सुटू देत नाहीत. यावर उपाय इलेक्ट्रोलाइटमध्ये लोखंड पुरेसं ठेवणं. लोखंड आणि मँगनीजचं प्रमाण दहास एक राहील असं बघा, कमी पडलं तर फेरस सल्फेट घाला, आणि ओआरपी (द्रावण किती ऑक्सिडाइज करतंय त्याचं माप) रोज लिहा. इथल्या खनिजात मँगनीज असतंच, त्यामुळे लोडेड ऑरगॅनिकबरोबर जाणारं पाणी कमी करणं हाच कायमचा इलाज, ते वर आलंच आहे.

हे उगम बंद झाल्यावर क्ले. आम्लाने सक्रिय केलेली बेंटोनाइट क्ले, वजनाने सुरुवातीला अर्धा ते एक टक्का, लॅबमध्ये आधी बघून. दहा-पंधरा मिनिटं ढवळा, फिल्टर करा, परत दुसरा बीकर लावा. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: ऑरगॅनिकमध्ये पाणी असेल तर क्ले पाणीच पिते, गोळे होतात आणि मळ तसाच राहतो. त्या चंद्रपूरच्या मुलाला विचारलं तर तो टँकच्या तळाचं ऑरगॅनिक पंपाने थेट क्लेच्या टाकीत घेत होता. वरचं घ्यायला सांगितलं, आणि आधी रात्रभर स्थिर ठेवायला.

सगळे बीकर चांगले असतील तर

मग रवीचा दोष. ताक घुसळताना वेग वाढवला तर लोणी लवकर येत नाही, नुसता फेस होतो, हे घरात बघितलेलं असतं. पंप-मिक्सरचंही तसंच. फ्लो वाढवण्यासाठी कुणीतरी ड्राइव्हचा वेग वाढवलेला असतो आणि थेंब इतके बारीक होतात की सेटलर त्यांना पुरत नाही. जेवढ्यात फ्लो ओढला जातो तेवढाच वेग ठेवा.

हवा ही दुसरी. क्रड मधल्या थराऐवजी ऑरगॅनिकच्या वर तरंगत असेल, आणि बोटाने दाबल्यावर बुडबुडे फुटत असतील, तर हवाच आहे. पीएलएस टाकीतली पातळी खाली गेली की पंपाच्या तोंडाशी भोवरा धरतो आणि हवा आत ओढली जाते. लाँडरमध्ये (सेटलरच्या कडेच्या पन्हळीत) वरून धबधब्यासारखं पडणारं पाणीही हवा घेऊन जातं. आमच्या सेटलरवरचा सर्वांत जुना ऑपरेटर टाकीजवळ उभा राहून नुसता आवाज ऐकून सांगायचा, "हवा पितोय." एकदा मी नको म्हटलं, लेव्हल ट्रान्समीटर ठीक दाखवतोय. दुसऱ्या दिवशी ट्रान्समीटर गाळात अडकलेला निघाला. पाइपचं तोंड पाण्याखाली न्या आणि टाकीची किमान पातळी इंटरलॉकला बांधा, म्हणजे पातळी खाली गेली की पंप आपोआप बंद होईल.

शेवटी सेटलरमधली ऑरगॅनिकची खोली मोजा. पंचवीस ते तीस सेंटिमीटर असली पाहिजे. क्रडने जागा खाल्ली की खरी खोली कमी होते, ऑरगॅनिकचा वेग वाढतो, थर ओढला जातो, आणि लोंढा सुटतो. वर्षभर गाळ न काढलेल्या सेटलरच्या तळाशी किती साचलंय ते बांबूने चाचपून बघा.

उपसलेल्या क्रडचं काय करायचं

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी ढिसाळ असतं आणि आजार परत येण्याची एक वाट इथूनच जाते. क्रड ओढताना हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप वापरा, होज आणि टाकी दोन्हीचं अर्थिंग करा, आसपास वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू नको. केरोसीनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेते) जास्त असला तरी प्लास्टिकच्या पाइपातून वाहताना स्थिर वीज साठते, आणि फवारा झाला की थंड केरोसीनही पेटतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात ऑलिम्पिक डॅमच्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन प्लँटला १९९९ मध्ये आग लागली आणि २००१ मध्ये पुन्हा लागली.

उपसलेला क्रड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की तीन थर होतात: वर ऑरगॅनिक, मध्ये पाणी, खाली घट्ट गाळ. तो गाळ धुऊन, वाळवून मायक्रोस्कोपखाली एकदा बघा. सुयांसारखे स्फटिक म्हणजे जिप्सम, पिवळट भुकटी म्हणजे जारोसाइट, चिकट राखाडी म्हणजे माती आणि सिलिका. तुमच्या पीएलएसकडे बोट दाखवणारा तो सर्वांत स्वस्त साक्षीदार आहे.

वरचं ऑरगॅनिक महागाचं असल्यामुळे सगळ्यांना ते लगेच सर्किटमध्ये परत टाकायची घाई असते. आम्हीही तेच करायचो. तो द्रव म्हणजे क्रड ज्या मळावर जगतो त्या मळाचा अर्क. त्याला वेगळ्या ड्रममध्ये ठेवा, क्लेमधून काढा, मग दुसऱ्या बीकरसारखी त्याची स्वतंत्र चाचणी घ्या. चौथ्या बीकरच्या जवळपास सुटलं तरच परत, नाहीतर पुन्हा क्ले. आमच्या ड्रमवर आता खडूने तारीख आणि सेकंद लिहिलेले असतात, आणि सेकंद लिहिलेले नसतील तर फोरमन झाकण उघडू देत नाही.